स्वतंत्र संशोधनाचा रकाना

११ फेब्रुवारी
जुळे सोलापूर

अक्षता,

हे पत्र तुला घरच्या पार्सलात शेंगाचटणीच्या डब्याखाली सापडेल. तुझ्या आईला मी सांगितलं, "काकू, अभ्यासातलं काहीतरी आहे, तिला लागतंय." त्यांनी काही विचारलं नाही. त्यांना अजून वाटतंय की आपण रोज फोनवर बोलतो. चहा दिला, कडक भाकरीचा एक पुडका माझ्याही हातात कोंबला आणि म्हणाल्या, "तुमचं दोघींचं बरं आहे बाई, शिक्षणाचं बोलता येतं." मी मान हलवली. तू मला ब्लॉक केलंयस हे त्यांना सांगून काय मिळवायचं?

काम एवढंच आहे. मी यंदा परत पीएच.डी.चे अर्ज भरतेय, इतिहासातच. गेल्या वर्षी पुण्यात आणि बंगळूरला, दोन्हीकडं नाव आलं नाही. नेट आहे, मार्क आहेत, पण अर्जात स्वतंत्र संशोधनाचा रकाना असतो ना, तो माझा रिकामा. पुण्याच्या मुलाखतीत एका मॅडमनी चष्मा काढून विचारलं, "एम.ए.ला लघुप्रबंध का घेतला नाहीत? दोन पेपर का घेतलेत?" मी म्हणाले, "त्या सेमिस्टरला आत्याचा पाय मोडला होता, मी मेंढरांमागं होते." त्या हसल्या. त्यांना वाटलं मी विनोद करतेय.

तर विचारायचं एवढंच की तू हैदराबादचा अर्ज भरलास तेव्हा त्या रकान्यात काय लिहिलंस? दोन ओळी कळव, बाकी काही नको.

माझं चाललंय. सकाळच्या एसटीनं बार्शी, तासिका तत्त्वावर तीन तास, संध्याकाळच्या एसटीनं परत. पोरं पहिल्या बाकावर बसून रील बघतात. मीही आता रागवत नाही. शहाजीदादाच्या फ्लॅटवर राहते, वहिनी चांगली आहे, पण दादानं सांगून टाकलंय की औंदा शेवटचं. यंदा कुठं लागलं नाही तर दिवाळीनंतर स्थळं बघायची, आणि मी हूं की चूं करायचं नाही. मी कबूल केलंय, कारण भांडायला अंगात जोर राहिला नव्हता.

दिपाली


९ मार्च

अक्षे,

उत्तर नाही. पार्सल मिळालं हे काकूंकडून कळलं. चटणी जरा तिखट झाली असं तू म्हणालीस, तेही कळलं. म्हणजे डबा उघडलास.

मग आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू. रकान्यात काय लिहायचं ते मला माहीत आहे. मला तुझ्याकडून एक पत्र पाहिजे, विभागाच्या कागदावर, तुझ्या सहीचं. मेंढपाळांच्या वाटांवरचा तुझा जो लघुप्रबंध आहे, त्याचं काम दोघींनी केलं, निम्मं दिपालीचं, असं. तुझं नाव काढ म्हणत नाही. माझं घाल म्हणतेय.

यातलं काही खोटं असेल तर सांग. तू आली होतीस मला नोट्स द्यायला. दोन दिवसांसाठी आलीस आणि तीन आठवडे मेंढरांच्या तळावर राहिलीस, आत्याच्या घोंगडीत माझ्याशेजारी झोपलीस. लिंगायताच्या घरातली पोरगी म्हणून आत्या तुझ्यासाठी वेगळी चूल मांडायची, आठवतं? पण माणसं तुझ्याशी बोलत नव्हती. तू विचारायचीस, "आपले स्थलांतराचे पारंपरिक मार्ग कोणते?" आणि तळावरचे श्रीमंतमामा तुझ्याकडं बघत तंबाखू मळत बसायचे. मग मी विचारायची, "मामा, आज्ज्यानं पयल्यांदा मेंढरं कुटं बसिवली ओ?" की मामा सुरू. भाकरी थापून व्हायची तरी थांबायचे नाहीत. प्रश्न माझे, फोन तुझा. लिहिलंस तू, आणि चांगलं लिहिलंस. तसं इंग्रजी मला ह्या जन्मात जमायचं नाही, ते मी मोठ्या मनानं मान्य करते. पण बांधून आल्यावर आभाराच्या पानावर माझं नाव चौथं होतं. जीपवाल्याच्या खाली.

निरोपाच्या कार्यक्रमात मी ते सगळ्यांपुढं बोलले, याचा तुला राग. कुठं बोलायचं होतं मग? त्याआधी तुझ्या मागं मागं फिरून तीनदा बोललेच होते की.

अर्ज तुझ्याच विद्यापीठाचा भरतेय. बाकीच्या दोन ठिकाणांची दारं मी बघून आलेय. दहा जूनपर्यंत मुदत आहे. पत्राची वाट बघते.

दिपाली


३० मार्च

अक्षता,

आज तुला एक गंमत सांगते. आमच्या विभागप्रमुख सरांना मी माझं रडगाणं सांगितलं. सर मनाचे वाईट नाहीत. त्यांनी कपाट उघडलं, आत मागच्या पोरांचे प्रकल्प बांधून ठेवलेले, सोनेरी अक्षरांत. म्हणाले, "मॅडम, यातला कुठला पाहिजे तो घ्या. पहिलं पान बदला. स्वतंत्र संशोधन केलं म्हणून मी दाखला देतो. अहो, सगळे असंच करतात. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून आणणार?"

मी एक उचलला. बारवांवरचा आहे, बार्शी तालुक्यातल्या जुन्या पायऱ्यांच्या विहिरींचा. एसटीत वाचला. वाईट नाही. कुण्या पोरानं उन्हातान्हात फिरून मापं घेतलीत, फोटो काढलेत, एका फोटोत त्याच्या बहिणीची वेणी आलीय. त्याचं पुढं काय झालं असं सरांना विचारलं, तर म्हणाले, "तो होय, तो आता फायनान्स कंपनीत वसुलीला आहे. त्याला कशाला लागतंय ते?"

मी ते माझं म्हणून अर्जात टाकलं. ऑनलाइन अर्ज अर्धवट सेव्ह करून ठेवता येतो, तसा ठेवलाय. कुलसचिवांना अजून पाठवलेला नाही. हे तुला का सांगतेय, कळत नाही. बाकी कुणाला सांगू? दादाला सांगितलं तर तो म्हणेल, "झालं की मग, घाबरतीस कशाला?"

तुझं पत्र आलं तर हे काढून टाकीन.

दिपाली


२१ एप्रिल

अक्षे,

बारवा काढून टाकल्या. मी लई प्रामाणिक आहे असं समजू नकोस. मुलाखतीत कुणी विचारलं की अमक्या बारवेला पायऱ्या कुठल्या बाजूनं आहेत, तर मी काय सांगणार, या भीतीनं काढल्या. रकाना परत रिकामा.

काकूंकडं गेले होते. या वेळी त्या चहा करता करता रडल्या. म्हणाल्या, अक्षताचं काही ठीक नाही, तीन वर्षं होत आली, गाईड पहिलंच प्रकरण परत परत मागं पाठवतायत, पोरगी जेवत नाही, फोनवर नुसती हूं हूं करते. "तू तिची मैत्रीण आहेस, तू समजाव की गं." काकांनी आतून विचारलं, "कोण आलंय?" काकू म्हणाल्या, "आपली दिपाली." मला तिथं बसवेना. तुझ्यावर राग धरून आलेली बाई मी, आणि हे लोक मला आपली म्हणतायत.

खरं सांगू? ऐकून आधी बरं वाटलं. रिक्षात बसल्यावर वाईट वाटलं. मग परत थोडं बरं वाटलं.

तुझं प्रकरण का अडलंय, मला माहीत आहे. तुझ्याकडं वाटा आहेत. कुठून निघाले, कुठं गेले, नकाशा काढलायस, सुंदर काढलायस. पण लोकांनी काही वाटा का सोडल्या, ते तुला माहीत नाही, कारण ते तेव्हा मी विचारलं नव्हतं आणि नंतर तू कधी तळावर फिरकली नाहीस. गाईड तेच विचारत असणार. मी असते तर मीही तेच विचारलं असतं.

परीक्षा संपल्या की मी आत्याकडं चाललेय. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात आहे यंदा तळ. माझ्यासाठी जातेय. तुझ्यासाठी जातेय असा घोळ करून घेऊ नकोस.

दिपाली


१६ मे
मंगळवेढ्याजवळ, तळावरून

अक्षे,

ऊन असं आहे की पेन धरवत नाही. हे पत्र दादाच्या ओळखीच्या एका माणसाबरोबर काकूंकडं पाठवीन.

आत्या तशीच आहे. पाय अजून दुखतो, पण सांगायचं नाही. मी आल्या आल्या तिला सगळं सांगितलं. तू पत्राला उत्तर देत नाहीस, माझी ही शेवटची संधी आहे, सगळं. ती म्हणाली, "तिनं लिवलं, तू लिवलं न्हाईस. मग आता रडून काय व्हणार हाय? लिव की तूबी." एवढंच. मायेचा एक शब्द नाही. भाकरी मात्र तूप लावून दिली.

तुझी मेंढी आहे अजून. तुला वाटलं असेल तो तळावरचा खेळ होता. तू निघालीस तेव्हा आत्यानं तुझ्या नावानं एक पाठ, कोवळी मेंढी, अर्धलीनं ठेवली होती ना, तिच्या कानाला खूण केली होती, तू डोळे झाकून घेतले होतेस. सांभाळायचं आत्यानं, जी पिलं होतील त्यात निम्मी तुझी. ती आता दोनदा व्याली. तुझ्या वाट्याची पिलं वेगळी दाखवता येतील अशी आत्यानं त्यांनाही खूण केलीय. मला इतका राग आला की मी म्हणाले, "आत्या, रविवारी सांगोल्याच्या बाजारात नेऊन इकून टाक तिची. तिला कुटं म्हाईत हाय?"

आत्यानं माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "अर्धल हाय ती. माणूस रुसलं म्हणून वाटा रुसतो व्हय? उद्या ती दारात आली तर मी काय तोंड दावू?"

मी म्हणाले, "आणि माझा वाटा?"

ती म्हणाली, "त्यो तिला माग. मेंढराला कशाला मागतीस?" आणि उठून पाण्याला गेली. मी तिथंच बसले आणि लई रडले. आपल्या माणसाकडून न्याय मागायला गेलं की आपल्याच पदरात शहाणपण पडतं. मला शहाणपण नको होतं, मला कुणीतरी माझ्या बाजूनं दोन शिव्या घालायला हव्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून विचारायला लागले. या वेळी माझ्याच फोनवर. पूर्वी ज्या गावांत शेतकरी स्वतः सांगावा धाडायचे, की या, आमच्या रानात मेंढरं बसवा, रात्रीची लेंडी रानाला आणि ज्वारी तुम्हाला, त्यातल्या किती गावांनी बोलावणं बंद केलं, आणि कुठल्या साली. माणसं सालं सांगत नाहीत, तुला ठाऊक आहे. "कॅनॉल आला त्या वर्साला", "पयला ऊस लागला तवा", "थोरली आक्का नांदायला गेली तवा". ते सगळं लावून घ्यायला लागतं. श्रीमंतमामांचं आणि आत्याचं एका गावावरून भांडण झालं. दोघंही चुकीचे निघाले बहुतेक, तिसऱ्यानं वेगळंच सांगितलं. मी लिहितेय. मोठं काही होणार नाही. दहाबारा पानं होतील. एवढ्यानं कुणी स्वतंत्र संशोधक होत नाही, मला माहीत आहे.

पण एक सांगते, मजा आली. कित्येक दिवसांनी दुपारची झोप आली नाही.

दिपाली


४ जून

अक्षता,

तुझा ईमेल मिळाला. चार महिन्यांत तुझी तीन वाक्यं. "पत्र जोडलं आहे. यापेक्षा जास्त मला लिहिता येणार नाही, माझं रजिस्ट्रेशन त्याच कामावर आहे. सॉरी."

जोडलेलं पत्र मी आधी फोनवर वाचलं, मग दादाच्या लॅपटॉपवर, मग झेरॉक्सवाल्याकडं छापून घेऊन वाचलं. सगळीकडं तेच होतं. सुश्री दिपाली यांनी क्षेत्रकार्यात फील्ड असिस्टंट म्हणून मोलाची मदत केली.

फील्ड असिस्टंट. म्हणजे पिशवी धरणारी. पाण्याची बाटली आणून देणारी. माझ्याच आत्याच्या तळावर, माझ्याच घोंगडीत, मी तुझी असिस्टंट. वहिनीनं विचारलं काय झालं, मी म्हणाले काही नाही, कांदा चिरतेय. हातात कांदा नव्हता.

तू घाबरलीयस, तेवढं मला कळतं. तू निम्मं माझं म्हणून लिहिलंस तर उद्या गाईड विचारतील, मग इतके दिवस काय सांगत होतीस. ते सगळं कळतं. कळलं म्हणून राग जात नाही.

तीन दिवस विचार केला. फाडून टाकावं वाटलं. मग रकाना उघडला आणि लिहिलं की मोठा स्वतंत्र संशोधनप्रकल्प केलेला नाही, सोबत एक छोटा लेख जोडला आहे, आणि पूर्वीच्या एका कामात सहभाग होता, त्याचं पत्र जोडलं आहे. तुझं पत्र जोडलं. होय, जोडलं. रिकाम्या हातानं जायची माझी ऐपत नाही. तू टाकलेला तुकडाही मी उचलला, हे तुला कळावं म्हणून लिहितेय.

अर्ज गेला. आता काय व्हायचं ते होवो.

दिपाली


६ जुलै

अक्षता,

परवा मुलाखत झाली. तू तिथं आवारात होतीस का नव्हतीस, माहीत नाही. मी मुद्दाम कँटीनकडं गेले नाही. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं आले होते, साडीच्या निऱ्या बसमध्येच चुरगळल्या होत्या.

पाच जण होते. तुझे गाईड मधोमध. त्यांनी माझा लेख वाचला होता. सगळ्यात आधी म्हणाले, "हे फार थोडं आहे." मी म्हणाले, "होय सर." "याच्या आधी स्वतंत्र काही नाही?" "नाही सर." शेजारच्या मॅडमनी विचारलं, मग पीएच.डी. झेपेल असं का वाटतं? मी सांगितलं की झेपेल का ते माहीत नाही, पण लोकांनी बोलावणं का बंद केलं हे मला कळून घ्यायचंय, आणि बार्शीच्या एसटीत बसून ते कळत नाही. कुणीतरी हसलं. बरं हसलं.

मग तुझ्या गाईडनी तुझं पत्र उचललं. चष्म्याच्या वरून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "अक्षताच्या कामात हे प्रश्न कुठंच नाहीत. पण मुलाखतींची जी टिपणं तिनं दिलीत, त्यातली प्रश्न विचारायची रीत तुमच्या या लेखातल्यासारखीच वाटते. भाषाही तीच. तुम्ही असिस्टंटच होता ना?"

अक्षे, त्यांना कळलं होतं. ते मला दार उघडून देत होते. मी फक्त म्हणायचं होतं, नाही सर, ते प्रश्न माझेच. चार वर्षं मी त्या वाक्याची तयारी केलीय. एसटीत, भांडी घासताना, वर्गात फळ्याकडं तोंड करून. आणि मला डोळ्यांपुढं काकू दिसल्या, चहा करता करता रडणाऱ्या. मी "हो" म्हणाले. "हो सर, असिस्टंट होते."

त्यांनी कागद खाली ठेवला आणि पुढचा प्रश्न विचारला.

बाहेर येऊन पायरीवर बसले. मी मोठं काही केलं असं मला वाटत नाही. वाटतं की मी माझं तोंड माझ्याच हातानं शिवलं. तुझ्यावर उपकार केले असं तुला वाटून घ्यायचं नाही. मला अजूनही तुझा राग आहे, पहिल्यापेक्षा जास्त आहे.

दिपाली


२३ जुलै

अक्षता,

यादी लागली. पाच नावं आहेत, शेवटचं माझं. तू बघितलीच असशील. माझ्या नावापुढं गाईड म्हणून तुझेच गाईड.

दादानं पेढे आणले. कॉलनीत वाटून आला आणि मग गॅलरीत उभा राहून म्हणाला, "म्हंजे आता दिवाळीनंतर स्थळांचं काय न्हाई ना?" मी म्हणाले, न्हाई. म्हणाला, "बरं झालं. मलाबी लई ताप झाला असता." आत्याला फोन केला तर तिला हैदराबाद किती लांब ते समजावण्यातच बॅलन्स संपला. विभागप्रमुख सर म्हणाले, "बघा, मी म्हणत होतो ना." ते काय म्हणत होते, देव जाणे.

मला आनंद झालाय का? झालाय. पण असा, की दिवसभर उन्हात चालून तळावर पोचल्यावर होतो तसा. बसावं वाटतं, दुसरं काही नाही.

चार ऑगस्टला सोमवारी रुजू व्हायचंय. आपण एकाच विभागात, एकाच गाईडकडं, आणि बहुतेक एकाच मजल्यावर असू. तू जिन्यावर दिसलीस तर तोंड फिरवू नकोस, मीही फिरवणार नाही. लोकांपुढं मी एक शब्द बोलणार नाही, या वेळी नाही.

पण हे लक्षात ठेव. त्या खोलीत पाच जणांपुढं मी "हो" म्हणाले, ते तिथं संपलं. तुझ्यापुढं मी ते म्हटलेलं नाही. पहिल्या संध्याकाळी तुझ्या खोलीवर येणार आहे. दार लावून घे, खाली बस, आणि मला विचार, तू असिस्टंट होतीस का म्हणून. मला एकदा तुझ्या तोंडावर "नाही" म्हणायचंय. त्यानंतर तुझं अडलेलं प्रकरण काढ, बघू.

दिपाली